सावकाश : निर्मितीचा पहिला धडा



आपल्या चार इमलीच्या नावातच चार चिंचा आहेत. चिंच हे अतिशय सावकाश वाढणारे झाड आहे. चिंचोका पेरल्यापासून पहिली चिंच हाती यायला साधारण सात-आठ वर्षे लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे एखाद्या मुलाने पहिलीत असताना चिंचोका लावला, तर त्या झाडाची चिंच तो आठवी-नववीत गेल्यावर खाईल. मात्र एकदा झाड फळू लागले की ते लावणाऱ्याच्या नातवंडांनाही चिंचा देत राहते.

चिंचेच्याच झाडाची दुसरी एक गोष्ट आपल्या मध्य प्रदेशातली आहे. ग्वाल्हेरला तानसेनाच्या समाधीपाशी चिंचेचे झाड आहे. त्याची पाने चघळली की गळा गोड होतो, अशी फार जुनी समजूत आहे. कितीतरी गाणारी मंडळी श्रद्धेने ती पाने तोंडात टाकतात. श्रद्धेची थट्टा करण्याचे कारण नाही. पण पान चघळायला एक मिनिट लागते आणि गळा तयार व्हायला वीस वर्षे लागतात, हे त्या मंडळींनाही ठाऊक असते. आज आपल्या मुलांपुढे अशी 'एका मिनिटाची पाने' पुष्कळ आहेत. स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो, मोबाईलवर तयार निबंध मिळतो, आणि आता तर विषय सांगितला की यंत्रच कविता लिहून देते. मग मुलाने स्वतः काही रचावे आणि त्यासाठी भरपूर वेळ घ्यावा, असे आपण का म्हणायचे? या लेखात त्याचाच अभ्यास करू. उदाहरणे मुद्दाम आपल्या प्रदेशातली घेतली आहेत.

'सावकाश' शब्दात काय आहे?

सावकाश या शब्दाची फोड स + अवकाश अशी आहे. अवकाश म्हणजे मोकळी जागा, मोकळा वेळ. जे काम अवकाशासह केले जाते, ते सावकाश. आपल्याकडे पाहुणा पानावर बसला की यजमान म्हणतात, 'सावकाश होऊ द्या.' याचा अर्थ 'हळूहळू चावा' एवढाच नसतो. 'तुमच्यासाठी आमच्याकडे वेळ आहे, मनात घाई ठेवू नका' असे त्यांना सांगायचे असते.

या शब्दाचे काही शेजारी आहेत आणि त्यांच्यात गल्लत होते. काम समोर असून ते टाळणे म्हणजे आळस. ठरलेली वेळ उलटून जाऊ देणे म्हणजे दिरंगाई. काम नसताना स्वस्थ बसणे म्हणजे निवांतपणा. आपल्या जुन्या भोपाळात रात्री पटियांवर बसून गप्पा मारण्याची जी रीत होती, तो निवांतपणाच. त्यात काही वाईट नाही, उलट शहराची ती शोभा होती. सावकाशपणा याहून वेगळा आहे. त्यात काम असते, हेतू असतो, आणि त्या कामाला लागेल तेवढा वेळ आपण समजून-उमजून दिलेला असतो.

गाणे शिकणाऱ्या मुलांना हे लवकर कळेल. रोजच्या बोलण्यात 'विलंब' म्हणजे उशीर. पण गायनात 'विलंबित' हे लयीचे नाव आहे. मोठा ख्याल विलंबित लयीत गातात. गायक एकेका स्वरापाशी थांबतो, रागाचे रूप हळूहळू उभे करतो, आणि त्यानंतर द्रुत लयीतली चीज घेतो. द्रुत वर्ज्य नाही, पण तिच्यामागे विलंबिताची तयारी असते. परीक्षेत तीन तासांतच पेपर लिहायचा आहे, तेथे सावकाश चालणार नाही. पण त्या तीन तासांत जे भराभर लिहायचे, ते वर्षभर सावकाश आत गेलेले असावे लागते.

'थांबला तो संपला' असे आपण मुलांना सांगतो. आता एका अशा माणसाची गोष्ट पाहू, ज्याला अगदी ऐन उमेदीत थांबावे लागले.

देवासचे घर

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी झाला. आपण त्यांना कुमार गंधर्व या नावाने ओळखतो. त्यांची घरची भाषा कानडी. लहान वयातच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ते हुबेहूब तसेच गात. लोक थक्क होत. पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे रीतसर शिक्षण झाले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पलुस्कर हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे, आणि बाळकृष्णबुवा ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकलेले. म्हणजे ग्वाल्हेरची विद्या मराठी माणसांनी दक्षिणेत नेली आणि तिचा एक धागा कुमारांबरोबर पुन्हा मध्य प्रदेशात आला.

तो ज्या रीतीने आला ती मात्र दुःखाची आहे. १९४७ मध्ये कुमारांचा भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि त्याच सुमारास त्यांना क्षयरोग असल्याचे कळले. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये दोघे देवासला आले. गायचे नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले होते. आपल्या देशात ते तेव्हा नुकतेच मिळू लागले होते आणि महाग होते. सुमारे पाच वर्षे हा तेविशीतला नामांकित गायक अंथरुणाला खिळून होता. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले.

या पाच वर्षांत कुमारांनी काय केले? त्यांनी ऐकले. माळव्यातल्या बायका सणावारी, लग्नकार्यात, शेतात काम करताना जी गाणी म्हणतात, ती घरापर्यंत ऐकू येत. नाथपंथी साधू आणि फिरस्ते भिक्षेकरी कबीराची निर्गुणी भजने गात दारावरून जात. मुंबईच्या मैफलीत वाढलेल्या कानाला हे सारे नवीन होते. आजवर जे ऐकले ते लगेच गळ्यातून काढून दाखवायची त्यांना सवय होती. आता गळा बंद होता, त्यामुळे ऐकलेले मनातच ठेवावे लागे, पुन्हा पुन्हा तपासावे लागे. ज्या मुलाची कीर्ती हुबेहूब नक्कल करण्यात होती, त्याची नक्कल करण्याची वाट आजाराने बंद केली.

हळूहळू त्यांच्या लक्षात आले की यांतल्या कित्येक धुना अवघ्या चार-पाच स्वरांत फिरतात, तरीही त्या पूर्ण वाटतात. त्यांत काही अपुरे नसते. मग राग जन्मतो कुठून? एखाद्या धुनेत कोणता स्वर मुक्कामाचा आहे, कोणती स्वरवाक्ये परत परत येतात, हे नीट पाहिले तर त्या बीजातून राग वाढू शकतो, असे त्यांना दिसले. पुढे त्यांनी अशा धुनांमधून नवे राग घडवले आणि त्यांना 'धुनउगम राग' म्हटले. मालवती, लगनगंधार, संजारी ही त्यांतली काही नावे. या रागांतल्या आणि इतर बंदिशींचा 'अनूपरागविलास' हा त्यांचा ग्रंथ १९६५ साली निघाला.

येथे थोडा हिशेब करू. देवासला आले १९४८ मध्ये. बरे होऊन पुन्हा मैफली सुरू झाल्या १९५३ च्या सुमारास. ग्रंथ आला १९६५ मध्ये. पहिली धून कानावर पडल्यापासून ग्रंथ छापून होईपर्यंत सुमारे सतरा वर्षे गेली. पहिलीत गेलेले मूल एवढ्या काळात पदवीधर होऊन नोकरीला लागते.

कोणी म्हणेल, ही तर आजाराने लादलेली सक्ती होती, यात जाणीवपूर्वक असे काय आहे? प्रश्न योग्य आहे. त्या काळी क्षयाने आजारी पडून कितीतरी माणसे वर्षानुवर्षे पडून राहत. नुसत्या पडून राहण्यातून गाणे निघत नाही. आणि आजाराचे गुणगान करणे तर अगदीच चुकीचे होईल. कुमारांची निवड दोन ठिकाणी दिसते. पहिली, सक्तीने मिळालेला वेळ त्यांनी ऐकण्यात घातला. दुसरी निवड मला जास्त महत्त्वाची वाटते. बरे झाल्यावर ते मुंबईला परत गेले नाहीत. मैफलींसाठी देशभर जात आणि देवासला परत येत. टेकडीच्या पायथ्याच्या 'भानुकुल' या घरात त्यांनी गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत असे ऋतूंवरचे कार्यक्रम रचले, तुकारामांवर आणि तुलसीदासांवर कार्यक्रम रचले, बालगंधर्वांच्या गायकीचा स्वतंत्र विचार मांडला. परंपरेचे काही जाणकार त्यांच्यावर नाराज होते, टीका होत होती. तरीही १२ जानेवारी १९९२ रोजी देह ठेवेपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, त्यांनी त्या लहान गावाची लय सोडली नाही. पद्मभूषण १९७७ मध्ये आणि पद्मविभूषण १९९० मध्ये देवासच्या पत्त्यावरच आले. २०२४ मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली. आपल्या शहरापासून देवास सुमारे दीडशे किलोमीटर आहे. इंदूरला जाताना आपण तेथून कितीदा तरी गेलो असू.

गाडीतून दिसलेले खडक

कुमारांची गोष्ट कानांची आहे. आता डोळ्यांची गोष्ट पाहू. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमचच्या मराठी कुटुंबात झाला. उज्जैन ही त्यांची कर्मभूमी. ते चित्रकार होते आणि पुरातत्त्वाचे अभ्यासकही होते. १९५७ मध्ये रेल्वेने भोपाळकडे येताना त्यांना डोंगरावर खडकांचे विलक्षण आकार दिसले. ते त्यांच्या मनात राहिले. मग ते तेथे पायी गेले आणि भीमबेटकाची चित्रे जगापुढे आली.

आता विचार करा. त्या मार्गावरून रोज किती गाड्या जात होत्या! खिडकीतून ते खडक हजारो लोकांना दिसत होते. आसपासच्या वाड्यांतल्या आदिवासींना तर ती जागा पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. १८८८ च्या एका लेखात भीमबेटकाचा उल्लेखही आहे, पण तो बौद्ध स्थळ म्हणून. तेथे काय आहे हे कळण्यासाठी गाडीतून उतरून चालत जाणारा आणि खडकासमोर तासन्‌तास बसणारा माणूस लागला.

या चित्रांचा अभ्यास घाईने होतच नाही. एकाच खडकावर निरनिराळ्या काळांतल्या माणसांनी चित्रावर चित्र काढलेले आहे. कुठे पांढरा रंग वर आहे, कुठे गेरूचा तांबडा. कोणती रेघ आधीची आणि कोणती नंतरची, हे ठरवायला ती रेघ डोळ्यांनी गिरवावी लागते. वाकणकर हाताने त्या चित्रांच्या प्रतिकृती काढत. फोटोला एक क्षण पुरतो. हाताने नक्कल करताना मात्र हरणाच्या मानेचा बाक चित्रकाराने एका फटकाऱ्यात काढला की थांबत थांबत, हेही समजते. पुढे १९७० च्या दशकात वाकणकरांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनी तेथे उत्खनन केले. वाकणकरांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा वाकणकर हयात नव्हते. १९८८ मध्येच ते गेले होते.

भीमबेटका आपल्यापासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. आपल्या सहली तेथे जातात. दोन तासांत सगळ्या गुहा 'करून' आपण परत येतो. पुढच्या वेळी एकच खडक निवडून त्याच्यासमोर अर्धा तास बसून पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते.

भिंतीवरचा ठिपका

तिसरे उदाहरण शाळेतले आहे, म्हणून आम्हा शिक्षकांसाठी ते विशेष आहे. प्रसिद्ध चित्रकार सैयद हैदर रझा यांचा जन्म १९२२ मध्ये आपल्याच प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात झाला. वडील जंगल खात्यात होते. प्राथमिक शाळेत असताना छोट्या हैदरचे चित्त अभ्यासात लागत नसे. त्यांच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितले. ही आठवण रझा स्वतः सांगत असत.

पुढे ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये, आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले. अनेक वर्षे निसर्गचित्रे काढली, नाव मिळवले. 'बिंदू' हा विषय त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला तो १९८० च्या सुमारास, म्हणजे वयाची पंचावन्न वर्षे उलटून गेल्यावर. मंडल्याच्या शाळेतला तो ठिपका सुमारे पन्नास वर्षे त्यांच्या आत होता. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन मंडल्याला झाले.

त्या गुरुजींना या ठिपक्याचे पुढे काय होणार हे कळणे शक्यच नव्हते. त्याला गुण नव्हते, तो परीक्षेत येणार नव्हता. एका चंचल मुलाला त्यांनी बघायला एकच गोष्ट दिली आणि ती बघायला वेळ दिला. शाळेला याहून फार जास्त काही करता येत नाही, पण एवढे तरी करता येते.

हा वेळ कोणाच्या कष्टांचा?

आता एक अशी बाजू, जी अशा लेखांत बहुधा राहून जाते. कुमार गंधर्व देवासला पडून होते तेव्हा घर कसे चालत होते? भानुताई शाळेत नोकरी करत होत्या. त्या स्वतःही देवधरांकडे शिकलेल्या होत्या. नोकरी, घर, औषधपाणी, पथ्य, हे सगळे त्यांनी सांभाळले. १९६१ मध्ये बाळंतपणात त्यांचे निधन झाले. कुमारांना ऐकायला जी पाच वर्षे मिळाली, ती भानुताईंच्या धावपळीवर उभी होती. 'भानुकुल' या नावात त्यांची आठवण आहे. पण त्या काळात त्यांच्या स्वतःच्या गाण्याला किती वेळ मिळाला असेल, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

पालकहो, आपल्या घरातही हे पाहा. मूल चित्र काढत निवांत बसावे, असे आपल्याला वाटते. पण त्याच वेळी त्याची आई एका हाताने पोळ्या लाटत, दुसऱ्या हाताने ऑफिसचा फोन घेत असेल, तर मूल त्यातून काय शिकेल? मोकळा वेळ काहींना मिळतो आणि तो इतर कोणीतरी कमावून द्यायचा असतो, हेच शिकेल. ज्या घरांत आई-वडील दोघेही दोन-दोन कामे करतात, तेथील मुलाला 'सावकाश जग' असे सांगणे तर थट्टाच होईल. म्हणून मोकळ्या वेळेची वाटणी करावी लागते. घरात ती कुटुंबाने करावी. ज्यांना घरी ती मिळत नाही, त्यांच्यासाठी शाळेने आपल्या वेळेतून थोडी जागा काढावी.

घाईची भाषा आणि सवडीची भाषा

माझे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. हिंदीने मला पुष्कळ दिले आणि त्याचा मला अभिमान आहे. मराठी मात्र शाळेने शिकवली नाही. ती स्वयंपाकघरात, शेंगा निवडताना, रात्री अंथरुणावर आजीच्या गोष्टी ऐकताना आली. म्हणजे ज्या वेळी कोणालाही कुठे जायचे नव्हते, त्या वेळी आली.

आपल्या घरांत जरा कान देऊन ऐका. सकाळी बस गाठायची असते तेव्हा आपण मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो? 'चलो, जल्दी करो', 'फास्ट, फास्ट!' मराठी घरातसुद्धा घाईची भाषा हिंदी-इंग्रजी झाली आहे. मराठी उरली आहे ती सवडीच्या वेळेपुरती, आणि ही सवडच आता कमी होत चालली आहे. महाराष्ट्रातल्या मुलाला रस्त्यावर, दुकानात, बसमध्ये मराठी ऐकू येते. भोपाळच्या मुलाला ती फक्त घरात आणि आपल्यासारख्या शाळेत ऐकू येते. घरातला सावकाश वेळ गेला तर त्याच्याबरोबर भाषाही जाईल. कुमारांना माळवी गाणी कोणी वर्गात शिकवली नाहीत. कानडी घरातल्या, मराठीत वाढलेल्या या माणसाच्या कानावर ती रोज पडत राहिली आणि आत मुरली. आपल्या मुलांच्या कानावर मराठी मुरेपर्यंत पडत राहावी, यासाठी लागणारा वेळ आपणच राखायचा आहे.

आपले हस्तलिखित पाहिले तरी हे कळते. आजीचे लोणचे, गावाकडचा वाडा, घरातला गणपती, अशा विषयांवर मुले स्वतःच्या अनुभवाने लिहितात तेव्हा वाक्ये थोडी वेडीवाकडी असतात, हिंदीचे शब्द मध्येच येतात, पण ते पान जिवंत असते. जेथे मजकूर मोबाईलवरून उतरवलेला असतो तेथे शुद्धलेखन अचूक असते आणि दहा मुलांची दहा पाने एकसारखी असतात.

या सत्रात करून पाहू

म्हणून या सत्रात तीन लहान गोष्टी करायच्या आहेत.

१) एक सत्र, एक पान. हस्तलिखितासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने या वेळी एकच पान द्यायचे आहे आणि त्यासाठी आठ आठवडे मिळतील. एक गोष्ट निवडा : घराजवळचे झाड, एखादा आवाज, आजीची एखादी कृती, एकांत पार्कमधला एखादा बाक. दर आठवड्याला तीच गोष्ट पाहायची किंवा ऐकायची आणि वहीत चार ओळी लिहायच्या किंवा एक लहान चित्र काढायचे. आठ आठवड्यांनी त्या वहीतून पान तयार करायचे. वही पानाबरोबर जमा करायची. खाडाखोड पुसायची नाही, तीच आम्हाला पाहायची आहे. तयार चार्ट, छापील चित्रे आणि मोबाईलवरचा मजकूर घेतला जाणार नाही. या पानाला गुण नाहीत.

२) ऐकण्याचा तास. गुरुवारी शेवटच्या तासाची पहिली दहा मिनिटे वर्गात कोणी बोलणार नाही, शिक्षकही नाहीत. जे ऐकू येईल ते नंतर लिहायचे. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना 'काहीच ऐकू आले नाही' असे वाटेल. तेही लिहा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तुमची यादी किती लांबते ते पाहा.

३) घरची पंगत. आठवड्यातून एक जेवण टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून, सर्वांनी एकत्र आणि मराठीत बोलत करावे. त्यात एकच अट आहे. आईनेही त्याच पंगतीत बसायचे. वाढण्याचे काम मुलांनी आणि बाबांनी करावे, आणि 'सावकाश होऊ द्या' असे या वेळी आईला म्हणावे.

स्वाध्याय

१) तुमच्या घरात 'सावकाश', 'हळू', 'निवांत', 'आरामात', 'सवडीने' यांपैकी कोणता शब्द कधी वापरतात? प्रत्येकाचे एक वाक्य लिहा.

२) गाणे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी विलंबित आणि द्रुत लयीतला फरक वर्गाला गाऊन किंवा टाळी देऊन दाखवावा.

३) घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा : तुम्हाला येणारी कोणती गोष्ट शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला? त्या काळात घरचे काम कोण करत होते?

४) कुमार गंधर्व बरे झाल्यावर मुंबईला परत गेले असते, तर त्यांच्या गाण्यात काय फरक पडला असता? तुमचे मत पाच ओळींत लिहा. याचे एकच बरोबर उत्तर नाही.

वह्या पुढच्या सोमवारी वर्गशिक्षकांकडून मिळतील. पहिल्या चार ओळी त्याच आठवड्यात लिहायच्या आहेत. पालकांनी त्या तपासू नयेत, सुधारू नयेत. मुलाने दाखवल्या तर फक्त वाचाव्यात.

— प्राचार्या